ईलिंगच्या जिन्यातला खर्ज

ईलिंग ब्रॉडवे म्हणजे लंडनच्या सेंट्रल लाइनच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन. बाहेर पडून रस्ता ओलांडला की दुकानांच्या मध्येच एक अरुंद बोळ आणि त्यात खाली उतरणारा जिना. निळी पाटी दिसली नसती तर मी सरळ पुढे गेलो असतो. १७ मार्च १९६२ ला ॲलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या वादकांनी इथल्या तळघरातल्या क्लबात ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवायला सुरुवात केली. छत इतकं ठिबकायचं की वादकांच्या डोक्यावर ताडपत्री बांधावी लागे.

मी आलो होतो बासवादक आणि गायक जॅक ब्रूससाठी. ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्जचा हा मुलगा तिथल्या संगीत अकादमीत चेलो शिकत होता. बाहेर जॅझ वाजवतो हे संस्थेला खपेना. त्यानं संस्थाच सोडली. कॉर्नरच्या बँडमध्ये तो उभा डबल बास वाजवायचा. चार्ली वॉट्सनंतर ड्रमवर जिंजर बेकर आला आणि या दोघांचं आयुष्यभराचं भांडण आणि आयुष्यभराची साथ, दोन्ही सुरू झालं. मग ग्रॅहम बाँड, जॉन मेयॉल, मॅनफ्रेड मान यांचे बँड, आणि १९६६ मध्ये बेकर आणि गिटारवादक एरिक क्लॅप्टनसोबत तिघांचा बँड, क्रीम.

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून हेडफोन लावले. तानपुऱ्याची खर्जाची तार एका जागी थांबून गाण्याला आधार देते. ब्रूसचा खर्ज थांबत नाही, तो गिटारच्या बरोबरीनं बोलतो, कधी तिला अडवतोसुद्धा. त्याच्या गिब्सन ईबी-३ या बास गिटारची मान आखूड. तार बोटानं ओढली की सूर चक्क मींड घेतल्यासारखा वर सरकतो. चेलो वाजवलेला हात आहे हा, मला तरी दुसरं कारण पटत नाही. आणि हे सगळं करताना तो गातही असतो!

१९७० मध्ये तो जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सच्या लाइफटाइम या बँडमध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनसोबत वाजवत होता. तेच मॅक्लॉफ्लिन पुढे आपल्या मुंबईच्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’ या बँडमध्ये बसले. शक्ती ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला ब्रूस सापडला तो याच वाटेनं.

दुपारी रॉयल अल्बर्ट हॉल. २६ नोव्हेंबर १९६८ ला क्रीमनं इथेच निरोप घेतला. २००३ मध्ये ब्रूसचं यकृत बदललं, त्यातून तो मरता मरता वाचला, आणि मे २००५ मध्ये तिघं पुन्हा याच मंचावर चार रात्री उभे राहिले. दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर बसून मी त्याच रात्रींचं रेकॉर्डिंग लावलं. लय जुन्यापेक्षा सैल आहे, आवाज थकलाय. पण ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’ची ती बासवरच सुचलेली ओळ उतरत खाली येते तेव्हा पोटात तेच होतं जे कॉलेजात पहिल्यांदा झालं होतं. गार्ड दार लावायला आला तेव्हा मी तिसऱ्यांदा ऐकत होतो.