आजींच्या दारातली काकी

टोकियोत सेतागायाला आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. अंगणात काकीचं झाड. (पर्सिमन या फळाला इथे काकी म्हणतात. आजींच्या दारात काकी, हे ऐकून बाबा फोनवर खो-खो हसले होते.) आजी गेल्या शरदात गेल्या. परवा बघते तर घर नाही, झाडही नाही. जागेचे तीन तुकडे पाडलेत, त्यांवर तीन उभट घरं येणार.

आजींचा मुलगा भेटला. एकच शब्द बोलला, "सोझोकुझेई." वारसा कर. वरचा दर ५५ टक्के, भरायची मुदत १० महिने. ३ कोटी येन आणि दर वारसामागे ६० लाख येन माफ, पण टोकियोतल्या जमिनीपुढे ते किती पुरणार?

मला मात्र टोचला तो दुसराच नियम. आईवडिलांसोबत राहणाऱ्या मुलाने घर राखलं, तर ३३० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीची किंमत ८० टक्के कमी धरतात. याचं स्वतःचं घर ओसाकात. सवलत नाही. म्हणजे, आई थकली तेव्हा तू कुठे होतास, हे इथे करखातं विचारतं! मी दर दिवाळीला जाते. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड महिना होते. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते.

आपल्याकडेही १९५३ पासून इस्टेट ड्यूटी होती, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला. वसुली थोडी आणि कटकट फार, म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी १९८५ मध्ये ती काढून टाकली. चुकलंच, असं मला वाटतं. पार्ल्यातलं घर बाबांनी पगारातून, पोटाला चिमटा काढून घेतलं, कबूल. पण पुनर्विकासानंतर त्याला जो भाव आलाय तो ना बाबांनी कमावला, ना मी. तो स्टेशनाने, शाळांनी, टिळक मंदिराने कमावला. मी तर फक्त एकुलती एक आहे.

इथे मला आठ वर्षं झाली. नोकरीच्या व्हिसावर दहा वर्षांच्या आत असेपर्यंत भारतातून आलेल्या वारशावर हा कर लागत नाही. कायम वास्तव्याचा परवाना घेतला की पार्ल्याचं घरही हिशोबात येतं. शिक्षण, पगार यांना गुण देतात, त्या पद्धतीने तो मला आत्ताही मिळेल. अर्ज भरून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

बाबा दर रविवारी विचारतात, "काय गं, झालं का परमनंटचं?"

फोटो काढायचा राहिलाय, असं मी सांगते.