मिलिमीटर चालेल, ते 6 सेकंद नाही

दादाचं आणि माझं रविवारी पुन्हा वाजलं. विषय तोच, 2023 च्या बायकांच्या फुटबॉल वर्ल्ड कपमधली स्वीडनच्या लीना हर्टिगची पेनल्टी. दादाचं म्हणणं, एका मिलिमीटरवरून कुणाला घरी पाठवतात का? मी म्हणते हो, पाठवावंच.

ती मॅच आम्ही परळला त्याच्याच घरी जेवणं झाल्यावर बघितली होती, 6 ऑगस्ट, स्वीडन-अमेरिका, मेलबर्नला. 120 मिनिटं 0-0, स्वीडनची गोली, म्हणजे गोलकीपर, मुसोविच काय खेळली होती त्या दिवशी! मग शूटआउट, म्हणजे आळीपाळीने पेनल्टी. अमेरिकेच्या रपिनोने वरून मारला, सोफिया स्मिथने बाहेर, ओहाराचा पोस्टला लागला आणि मग आली हर्टिग. अमेरिकेची गोली नेहरने बॉल अडवला, तो हातावरून वर उडाला, तिने मागे वळून हवेतल्या हवेत तो परत बाहेर ढकलला आणि ती सांगत होती की सेव्ह केलाय म्हणून. आम्हालाही सेव्हच वाटला. पण गोललाइनच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं की बॉल पूर्ण आत गेलेला, केसाएवढी फट होती मधे. स्वीडन 5-4.

दादा म्हणतो फोटोत बॉल लाइनवर दिसतो. मी त्याला किचनमध्ये नेलं, दोन लाद्यांमधल्या फटीच्या पलीकडे लिंबू ठेवलं आणि वरून बघ म्हटलं. लिंबू जमिनीला टेकलंय फटीच्या पलीकडे पण त्याचं पोट अजून फटीवर आहे, मग गोल नाही, नियम असा आहे की अख्खा बॉल अख्ख्या लाइनच्या पलीकडे पाहिजे. आता जरा बाजूला सरकून बघ, तेच लिंबू आत वाटतं. माणसाच्या डोळ्याला हे जमणारच नाही, म्हणून तिथे मशीन पाहिजे, आणि ते मशीन दोन्ही टीमना सारखंच.

मला खरा राग आहे तो दुसऱ्या एका 6 ऑगस्टचा. 2012, ऑलिम्पिकची सेमीफायनल, अमेरिका-कॅनडा, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. कॅनडाच्या सिंक्लेअरने एकटीने तीन गोल मारलेले, कॅनडा 3-2 पुढे, आणि नॉर्वेच्या रेफ्री पेडरसन यांनी गोली मॅकलाउडने बॉल 6 सेकंदांपेक्षा जास्त धरला म्हणून अमेरिकेला गोलसमोरच्या बॉक्समध्येच इनडायरेक्ट फ्री किक दिली, म्हणजे जिच्यावरून थेट गोल मारता येत नाही ती. नियम पुस्तकात होता, मान्य, पण तो लावताना कुणी कधी बघितलंय? गोली बॉल धरून दहा-बारा सेकंद उभे राहतात, सगळ्या जगात, आणि शिट्टी वाजते ती नेमकी सेमीफायनलमध्ये! त्या फ्री किकवर रपिनोचा शॉट कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी, वॉमबॅकने 80 व्या मिनिटाला 3-3 केलं आणि 123 व्या मिनिटाला मॉर्गनने हेडर मारून संपवलं. वर सिंक्लेअरला फिफाने चार मॅचची बंदी घातली. मिलिमीटरचा निर्णय दुखतो पण त्यात कुणावर अन्याय नसतो, हा 6 सेकंदांचा निर्णय मला तेव्हाही पटला नाही आणि आजही नाही. कॅनडाने 2021 मध्ये टोकियोला सेमीफायनलमध्येच अमेरिकेला हरवलं, तेही व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ बघून, दिलेल्या पेनल्टीवर, आणि पुढे गोल्ड घेतलं, तेव्हा मी रडले होते.

आता 2025 पासून तो नियम बदललाय. 8 सेकंद, आणि रेफ्री हात वर करून शेवटचे पाच बोटांवर मोजून दाखवते, नंतर फ्री किकऐवजी समोरच्या टीमला कॉर्नर किक. म्हणजे शिक्षा झेपेल एवढी, आणि गोलीला डोळ्यासमोर दिसतं किती उरलेत. हेच 2012 ला असतं तर...

हे सगळं मला एवढं का लागतं तर भाची गोली आहे. मागच्या महिन्यात दादरच्या एका मैदानावर तिची मॅच होती, चिखल, फक्कीची लाइन पावसात वाहून गेलेली, गोलला जाळी नाही, आणि रेफ्री एकटी, लाइन्समन दिलेलेच नाहीत. भाचीने बॉल पोस्टपाशी दोन्ही हातांत धरला, रेफ्री तीस पावलांवरून धावत आली आणि तिने गोल दिला. पोरी तिच्याभोवती जमल्या, आमच्यातले दोन बापसुद्धा आत घुसले ओरडत. ती मुलगी असेल बावीस-तेवीसची, हलली नाही, "मला जेवढं दिसलं तेवढं दिलं" एवढंच म्हणाली. आम्ही 1-0 हरलो आणि मला तिचा अजिबात राग नाही, राग आहे तो मुलींच्या मॅचला जाळी आणि दोन लाइन्समन द्यायला ज्यांच्या जिवावर येतं त्यांचा. नंतर मी जाऊन तिला पाणी दिलं, तिचे हात थरथरत होते.

दादाला अजून मिलिमीटर पटलेला नाही. पण रोज संध्याकाळी चाळीच्या पॅसेजमध्ये तो भाचीला बॉल फेकतो, ती धरते, आणि तो हात वर करून मोठ्याने मोजतो, पाच, चार, तीन.