गाडी मागून बसली

माझी २००८ची जर्मन सेडान. मागे स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे. रात्री ताठ उभी, सकाळी उजवी बाजू टेकलेली. बायको म्हणाली, "म्हशीसारखी बसलीय बघ." मेकॅनिकने खाली न वाकताच फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा खर्च सांगितला.

मी आधी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रात्री दोन्हीकडे ३७ सेंमी. सकाळी डावीकडे ३७, उजवीकडे ३१. इंजिन सुरू केलं की मिनिटभरात वर! म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय, हवा उजवीकडेच निसटतेय.

भांड्यांचा साबण पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीत भरला. चाक जॅकवर लोंबकळलं की फुग्याची घडी उलगडते आणि तिथली गळती लपू शकते, म्हणून चाकं रॅम्पवर ठेवली. आधाराला बॉडीखाली स्टँड. त्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, हवा गेली तर गाडी अंगावर.

पाइपच्या जोडावर काहीच नाही. घडीवर मात्र खसखशीएवढे बुडबुडे, एकामागून एक.

आता एकच फुगा बदलायचा की जोडी? डावाही तेवढाच म्हातारा आहे. घरी बजेटवरून खलबतं चालू आहेत.