बारावा फोटो आणि अंतरपाट

माझ्याकडं आजवर चार कॅमेरे आले. पहिला आग्फा क्लिक थ्री, काकांनी वापरून सोडलेला. त्यात फिरवायला फारसं काही नव्हतंच. ऊन असलं तर फोटो, नसलं तर राम राम. बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या सहलीत बारातले नऊ फोटो काळे आले, तरी नाद लागायचा तो लागलाच.

दहावीनंतर शहापुरातल्या एका स्टुडिओत उमेदवारी केली. काम कसलं, तर डार्करूममध्ये हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या ट्रेसमोर उभं राहायचं आणि ओले पासपोर्ट फोटो चकाकी आणणाऱ्या, विजेवर तापणाऱ्या ग्लेझिंग प्लेटवर चिकटवायचे. सुकला की फोटो टक्कन आवाज करून आपणहून सुटतो. आषाढात वीज गेली की तो टक्क ऐकायला अख्खी दुपार जायची. गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, मालकांचं एकच पालुपद : "इकडं बघा, इल्ली नोड्री, स्वल्प नग्री." जरा हसा म्हणायचे, हसत मात्र कुणीच नसे.

खरा जीव जडला तो याशिका मॅट १२४ जी वर. मॉडेल १९७० चं, माझ्या हाती आलं ते दोघांनी वापरून झाल्यावर. वरून वाकून काचेत बघायचं. चित्र उभं सरळ, पण डावं-उजवं उलटं. नवरी डावीकडं सरकली की काचेत उजवीकडं जाते. पहिली दोन लग्नं मी नवरीऐवजी मांडवाच्या खांबाकडंच वळत होतो.

एका रोलवर चौकोनी बारा फोटो. खानापूरकडच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपत आली आणि रोल पुढं सरकवायची क्रँक हातात मोकळीच फिरली. रोल संपलेला! नवा घालायचा म्हणजे कागदाची जीभ रिकाम्या रिळात अडकवायची, बाण खुणेला जुळवायचा, मग झाकण. भटजींकडं नुसतं बघितलं. त्यांनी एक जादा मंगलाष्टक म्हटलं, तेही चांगलं ताणून. अंतरपाट खाली आला तेव्हा मी तयार. त्या फोटोत नवरा-नवरीपेक्षा भटजीच जास्त हसतायत.

पुढं निकॉन एफएम २ आला, मग २००८ चा डी ९०. पोट त्यांनीच भरलं, पण त्यांच्या गोष्टी नाहीत.

डी ९० आल्यावर याशिका चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला. जपतोय असं वाटत होतं मला. चार पावसाळ्यांनी काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चामडं ओल धरतं, हे एवढी वर्षं धंद्यात राहून मला कळू नये! साफ करून घेतला, पण जाळ्याबरोबर काचेवरचं कोटिंगही थोडं गेलं. आता उन्हासमोर धरला की फोटो पांढुरका येतो, म्हणून ऊन पाठीवर घेऊनच काढतो.

केस टाकून दिली. कॅमेरा आता बिस्किटांच्या हवाबंद डब्यात असतो, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. नवे बूट घेतले काय ओ, असं मी गल्लीत ज्याला-त्याला विचारतो ते त्यासाठी.