एकदा दाबलं, चारदा मोजलं

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी एखादी आठवण लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतलं कोपऱ्यातलं टेबल उभं राहिलं. त्यावर एक पुठ्ठ्याचं घर आणि घरासमोर एक इवलंसं काळं बटण. नववीत त्या बटणानं आम्हा चौघींचे सहा दिवस खाल्ले. आज मी यंत्रांची कंट्रोल पॅनल दुरुस्त करते. ते सहा दिवस माझ्या रोजच्या कामात अजून असतात.

विज्ञान प्रदर्शनासाठी केलेल्या त्या घरात चार खोल्या आणि चार एलईडी होते. प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर, मागे आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड. एकदा बटण दाबलं की दिवे लागावेत, पुन्हा दाबलं की विझावेत, एवढंच काम.

सुरुवातीला दाबून धरलं की लागतात, असा साधा प्रोग्रॅम केला, तर दिवे कायम चालूच. बाईंनी मल्टिमीटर बीपवर लावायला सांगितला, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो. बटण न दाबताच बीप वाजला. या बटणाला चार पाय असतात, पण दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. आम्ही नेमक्या जोडलेल्या जोडीलाच वायरी लावल्या होत्या. बटण काटकोनात फिरवून बसवलं आणि तो प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी बटणाला कुणी हातही न लावता दिवे लुकलुकायला लागले. वायरीजवळ हात नेला की लागत, मागे घेतला की कधी विझत, कधी नाही. आम्ही घाबरून बटण बदललं, वायरी बदलल्या, दुसरा बोर्ड लावला, प्रोग्रॅम पुन्हा चढवला. बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय काय बदललंत? आणि कशानं काय फरक पडला?" एकीलाही सांगता येईना. त्यांनी सगळं पूर्ववत करायला लावलं आणि एक वही समोर ठेवली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची एक ओळ. रागावल्या नाहीत, पण वही भरल्याशिवाय सोल्डरिंग गनला हात लावू दिला नाही. त्यांचं हे वागणं किती मोलाचं होतं, ते मला नोकरीत आल्यावर कळलं.

वहीतल्या चौथ्या ओळीला मजा झाली. बटण बोर्डाच्या ज्या पिनला जोडलं होतं, त्या पिन क्रमांक २ वर किती व्होल्ट आहेत ते बघायला मी मीटरचं लाल टोक पिनला आणि काळं ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकाला लावलं. दिवे विझले ते विझलेच. हात जवळ नेला तरी काही नाही. टोक काढलं की पुन्हा लुकलुक.

"बाई, मीटर लावला की बरं होतंय!"

"मग मीटर तिथे काय करतोय, ते शोध."

मीटरच्या माहितीपत्रकात सापडलं. व्होल्ट मोजताना मीटर स्वतःच १० मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा असतो. म्हणजे आमच्या नकळत आम्ही पिन ग्राउंडला बांधत होतो. तेव्हा खरी गोष्ट उलगडली. बटण दाबलं की पिनवर ५ व्होल्ट येतात, पण सोडलं की शून्य येत नाही, फक्त जोडणी तुटते. पिन लोंबकळत राहते. उनोवरची एटीमेगा ३२८पी चिप ५ व्होल्टवर चालताना साधारण दीड व्होल्टच्या खाली 'लो' (म्हणजे शून्य) आणि तीनच्या वर 'हाय' (म्हणजे एक) धरते. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याचा भरवसा नाही. शिवाय पिन जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची थरथर आपल्या हातातून पोचली तरी तिला पुरते. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला आणि घर शांत झालं. बटण दाबल्यावर त्यातून वाहतो जेमतेम अर्धा मिलिॲम्पिअर.

चिपमध्येही असा रेझिस्टर असतो, पण तो ५ व्होल्टकडे ओढतो आणि बटण दाबल्यावर उलटं, म्हणजे 'लो' वाचावं लागतं. टेबलावर तो पुरतो. लांब केबलच्या टोकाला बटण असेल, तर मी त्याच्यावर विसंबत नाही, कारण २० ते ५० किलोओहमची ओढ मोटारींच्या शेजारी दुबळी पडते. तिथे मी बाहेरून १ किलोओहमचा लावते.

मग आम्ही एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, याकडे वळलो. बोट बटणावर असेपर्यंत लूप, म्हणजे प्रोग्रॅमचा सतत फिरणारा भाग, हजारो फेऱ्या मारतो आणि दर फेरीत दिवे उलटतात, हे आमच्याच लक्षात आलं. मागची स्थिती लक्षात ठेवून 'आत्ता दाबलं गेलं' एवढाच क्षण पकडायचा, हा उपायही आम्हीच काढला. तरी कधी दिवे लागत, कधी लागून लगेच विझत. बाईंनी सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाकडून आलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकाच्या खिडकीत, दर दाबण्याची मोजणी छापायला लावली आणि दहादा दाबायला सांगितलं. वहीतली ती ओळ मला अजून दिसते: १, ३, १, ४, २, १, १, ३, १, २. बटणातली धातूची पट्टी टेकताना काही मिलिसेकंद उड्या मारते. आपल्याला ते एकच दाबणं वाटतं, पण सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मोजणाऱ्या चिपला प्रत्येक उडी वेगळी दिसते. एक बदल नोंदला की पुढचे ५० मिलिसेकंद दुसरा मानायचा नाही, एवढी अट घातली. पुढच्या ओळीत दहा एकं आली. आम्ही चौघींनी ती आळीपाळीनं वाचली.

प्रदर्शनाच्या दिवशी बाईंनी आम्हाला एक काम दिलं. कुणीही बटण दाबलं की वहीत एक काडी मारायची. लहान वर्गांतली मुलं रांग लावून दाबत होती, काहीजण पुन्हा मागे जाऊन उभी राहत होती. संध्याकाळी मॉनिटरवर २१४ हा आकडा होता. आमच्या काड्याही २१४ भरल्या. बाईंनी चष्मा लावला, पेन्सिलीचं टोक एकेका काडीवर टेकवत त्या पहिल्यापासून मोजायला लागल्या, आणि आम्ही चौघी श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.