"दुखायचं थांबलंय, मॅडम"

"दुखायचं थांबलंय, मॅडम. सकाळपासून एकदा बी कण्हलं नाय पोरगं," आई म्हणाली आणि माझ्याच पोटात गोळा आला.

सात वर्षांचा मुलगा. बीडकडून कारखान्यावर ऊसतोडीला आलेलं कुटुंब. तीन दिवस पोटदुखी, उलट्या, पातळ जुलाब. कुणीतरी जुलाबाचं औषध दिलं होतं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. अपेंडिक्स खाली ओटीपोटात लोंबत असलं की पोरांना जुलाबही होतात आणि भले भले फसतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकजण पोराजवळ बसला की दोघांचाही खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात चढतात. हे ठाऊक असूनही "इतका उशीर का केलात?" हे ओठांवर आलेलं वाक्य मला गिळावं लागलं.

तटतटलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो आणि काही वेळ बरं वाटतं. मोठ्या माणसांत ओमेंटम नावाचा चरबीचा पदर धावून येतो, फुटलेली जागा गुंडाळून ठेवतो. लहान मुलांत हा पदर तोकडा आणि विरविरीत असतो, त्यामुळे पू पोटभर पसरतो. म्हणून दुखणं थांबलेलं पण मलूल झालेलं मूल मला रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त धास्तावतं.

"बाळा, एक उडी मारून दाखव." त्याने कॉटचा गज घट्ट धरला, पाय उचललाच नाही. नाडी 140, पोट फळीसारखं. आधी सलाईन आणि अँटिबायोटिक चालू केलं, नाडी जरा खाली आल्यावरच टेबलावर घेतलं. भूलतज्ज्ञ त्यावर अडून बसले होते आणि त्यांचं बरोबरच होतं.

"बारीक भोकातून होईल ना? लई चिरू नका," वडील म्हणाले. दुर्बीण म्हणजे छोटा व्रण, असंच बहुतेकांना वाटतं. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये मला तिचं मोल वेगळंच वाटतं. उजवीकडच्या चिरेतून जेमतेम तिथलंच दिसतं. बेंबीतून दुर्बीण घातली की यकृताखाली, आतड्यांच्या वळ्यांत, लघवीच्या पिशवीमागे कुठे कुठे पू साचलाय ते सगळं समोर येतं. 1980 मध्ये जर्मनीतल्या कील इथे कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळीच त्यांच्यावर तुटून पडली होती. ते स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. आज त्यांच्या पद्धतीशिवाय माझं पान हलत नाही.

पाच मिलिमीटरची तीन छिद्रं. मूल लहान, म्हणून पोट फुगवायला भरलेल्या गॅसचा दाब 8 मिलिमीटर पाऱ्यावरच ठेवला. त्याहून वाढवला की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो आणि श्वास द्यायला जड जातं. अपेंडिक्स काळंनिळं, मध्यावर भोक. मुळाशी लूप, म्हणजे दोऱ्याचा फास, टाकून कापलं आणि बाहेर काढायच्या पिशवीकडे नेताना त्या भोकातून खडा निसटला. तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, विष्ठेचा टणक खडा. माझ्या डोळ्यांदेखत तो आतड्यांत नाहीसा झाला.

तो आत राहिला असता तर काही आठवड्यांनी त्याच्याभोवती पुन्हा पू झाला असता, आणि तोवर ही माणसं कुठल्या फडात असतील याचा नेम नव्हता. पाणी मारायचं नाही, असं मी रेसिडेंटला बजावलं. पाण्याबरोबर खडा कुठेही वाहून जातो. नुसता पू सक्शनने ओढत राहिले. यकृताखाली पाहिलं, नाही. टेबल डोक्याकडून उचलायला लावलं, ओटीपोटात पाहिलं, तिथेही नाही. मग लहान आतडं वीतभर वीतभर पकडून उलटंपालटं केलं. वीस-बावीस मिनिटं थिएटरमध्ये कुणी बोललं नाही. शेवटी दोन वेटोळ्यांमधल्या पुवाच्या पिवळ्या पापुद्र्याला तो चिकटलेला दिसला. ग्लोव्हजचं बोट कापून केलेल्या पिशवीत तो अलगद घेतला, तोंड आवळलं आणि बेंबीतून बाहेर काढला. ट्रेमध्ये टक् असा आवाज आला.

1735 मध्ये लंडनला क्लॉडियस अमियांड यांनी ज्या मुलाचं अपेंडिक्स काढलं, नोंद असलेलं ते पहिलंच, तो अकरा वर्षांचा होता. त्याच्या अपेंडिक्समध्ये टाचणी होती, वरून खड्याचं पुट चढलेली. भूल नव्हती तेव्हा. ट्रेमधल्या खड्याकडे बघताना मला तो मुलगा आठवला.

तिसऱ्या दिवसापर्यंत ताप चढत-उतरत राहिला. खांदा दुखतो म्हणून पोरगं रडलं, तेव्हा आई घाबरली. "ताई, पोटात भरलेल्या गॅसचं आहे ते, जाईल," हे मी तिला दोनदा सांगितलं. पाचव्या दिवशी त्याने मऊ भात मागून खाल्ला. सहाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत पू नव्हता. सातव्या दिवशी ते गेले. एका खाड्याचे सात झाले होते, पण बापाने तो विषय काढला नाही.

तीन आठवड्यांनी मीच फोन लावला. "काय बी दुखत नाय आता त्याला," आई म्हणाली.

"ताई, दुखत नाही ते कळलं. जेवतो किती? खेळतो का? ताप?"

तिने फोन त्याच्याच हातात दिला. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मॅडम, दोन भाकरी खाल्ल्या," तो म्हणाला. "आता बैलाला पाणी पाजतोय."