शिंप्याचे कान

शिवणकाम करणाऱ्याचे हात अडकलेले असतात, डोळे टाक्यावर असतात; रिकामे राहतात ते कान. टेलरच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो तो काही उगाच नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले गावी, १८२०च्या सुमारास, रेडिओचं हे काम माणसं करत. जेम्स सेल्बी या शिंप्याच्या दुकानात येऊन कुणीकुणी कारागिरांना गाजलेली भाषणं वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यांत उमेदवारीला ठेवलेला अँड्र्यू जॉन्सन होता. वडील तो तीन वर्षांचा असतानाच गेलेले, आई लोकांचे कपडे धुणारी, शाळा ठाऊक नाही. १८२४मध्ये भावासोबत पळाला, तेव्हा सेल्बीने जाहिरात दिली : आणून देणाऱ्यास १० डॉलर बक्षीस.

पुढे टेनेसीत ग्रीनव्हिलला त्याने स्वतःचं दुकान थाटलं. अठराव्या वर्षी लग्न झालं. बायको एलायझा सोळा वर्षांची, पण नीट लिहिणं आणि हिशेब त्याला तिनेच शिकवले. ऐकायची चटक मात्र जुनीच. काम करताना वाचून दाखवायला दिवसाला ५० सेंट देऊन तो माणूस लावायचा. मला या माणसातलं सगळ्यात काय आवडत असेल, तर हा खर्च. दुकानात गावातल्या लोकांचे वाद रंगू लागले आणि त्यातूनच शिंपी नगरसेवक झाला. मग महापौर, काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, गव्हर्नर, सेनेट. एप्रिल १८६५मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाले.

इथून पुढे मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही. श्रीमंत मळेवाल्यांवर त्यांचा दात होता, पण स्वतःही गुलाम बाळगले होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे हक्क देणारं १८६६चं विधेयक त्यांनी नाकारलं. काँग्रेसने ते त्यांच्या डोक्यावरून मंजूर केलं. १८६८च्या महाभियोगातून ते एका मताने वाचले, त्याची चर्चा पुष्कळ होते. मला जास्त खुपते ती फेब्रुवारी १८६६मधली एक भेट. गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस आणि त्यांचे सहकारी मताधिकार मागायला व्हाइट हाउसमध्ये गेले होते. जॉन्सन यांनी त्यांनाच लांबलचक भाषण ऐकवलं, मध्ये बोलू दिलं नाही. शेवटी त्या मंडळींनी आपलं उत्तर वर्तमानपत्रात छापून आणलं.